अंगणवाडीतलं अंगण कुणाचं?

अंगणवाडी हा शब्द आपण रोज बोलतो. पण त्यातलं अंगण कुणाचं?

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी समुद्रकाठच्या बोर्डी गावात बालवाडी सुरू केली. सोबतीला अनुताई वाघ होत्या. दलित वस्तीतली मुलं मात्र तिथे येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली, लोकांच्या अंगणात भरवली. तीच अंगणवाडी!

आधी मुलांची तोंडं धुवायची, केस विंचरायचे, नखं कापायची. मग गाणी, गोष्टी, खेळ. खेळायला शंख-शिंपले, बिया, पानं. सगळं आयांच्या डोळ्यांदेखत. बघता बघता आईही शिकायची. वेगळा वर्ग नको, मजुरी बुडायला नको.

पुढे कोसबाडला वारली पाड्यांवर हेच काम वाढलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली.

आता पालकसभा भरते भर दुपारी. आपण असतो रानात. मग सही तेवढी होते, शिकणं राहून जातं. म्हणून गटाच्या पुढच्या बैठकीत ठराव करूया : पालकसभा संध्याकाळी, आपल्या वस्तीत, आपल्या अंगणात भरवा. सेविकाताईंची वेळही विचारूया. त्यांनाही घर आहे.