आधी कीर्द, मग खतावणी

मे महिन्यात पंचकुल्यात आँधी सुटली की आधी धूळ येते, मग वीज जाते. महाराष्ट्र दिनाच्या वर्गणीचा हिशोब मी संगणकावर भरत होतो आणि अंधार झाला. वीज परतली तेव्हा फाइलचं नाव जागच्या जागी होतं, आकार मात्र शून्य. शेजारी बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे सांगलीचे एक काका बसले होते. त्यांनी लाल वही पुढे सरकवली. "अरे, कीर्द शाबूत आहे ना? मग खतावणी परत करता येते."

बफरमधला, म्हणजे डिस्कवर जाण्याआधी मेमरीत थांबलेला, मजकूर बिघडू नये म्हणून संगणक जी युक्ती वापरतो, तिचं कूळ या वाक्यात आहे.

कीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने जमाखर्च उतरतो. खाडाखोड चालत नाही. चुकलं तर उलटी नोंद करायची. खात्यांवर मांडणी, म्हणजे खतावणी, नंतर, सवडीने. पेशवाईतल्या रोजकीर्दी पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवल्या आहेत. गणेश चिमणाजी वाडांनी त्यांतले उतारे निवडले, ते 'रोजनिशी' म्हणून छापले गेले. शाळेच्या पुस्तपालनात 'जर्नल'ला आजही रोजकीर्दच म्हणतात.

संगणकाची अडचण अशी की मेमरी चपळ आणि डिस्क संथ. म्हणून युनिक्सने लिहिलेला मजकूर आधी मेमरीतल्या बफरमध्ये ठेवायचा आणि मागाहून डिस्कवर न्यायचा रिवाज पाडला. दर ३० सेकंदांनी एक छोटा प्रोग्राम बफर रिकामे करी. अर्ध्या मिनिटाचं काम बुडणं एक वेळ सोसेल. खरा घात क्रमाचा. नवी फाइल म्हणजे तीन ठिकाणी नोंद: डिरेक्टरीत नाव, आयनोडमध्ये तपशील, मोकळ्या ब्लॉकांच्या नकाशात खूण. यातला कोणता बफर आधी डिस्कवर पोहोचेल याचा नेम नसेल आणि मधेच वीज गेली, तर एकच ब्लॉक दोन फाइलींच्या नावावर चढू शकतो. मग 'एफएससीके' लावून अख्खी डिस्क तपासत बसायचं.

यावर उतारा कीर्दीचाच: बदल मूळ जागी करण्याआधी तो क्रमाने टिपून ठेवायचा. डेटाबेसवाले अशी वही, म्हणजे लॉग, आधीच ठेवत होते. १९८७ साली झेरॉक्स पार्कच्या रॉबर्ट हॅगमन यांनी सीडर फाइल सिस्टिममध्ये तोच मार्ग आणला. १९९० मध्ये आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्समध्ये जेएफएस ही फाइल सिस्टिम आली. लिनक्ससाठी स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ साली आराखडा मांडला आणि नोव्हेंबर २००१ मध्ये ईएक्सटी३ ही फाइल सिस्टिम मुख्य कर्नलमध्ये दाखल झाली. तिथे या वहीचं नाव जर्नल.

ईएक्सटी३मधली शिस्त मला फार आवडते. बदललेला बफर जर्नलमध्ये उतरतो, सगळ्यात शेवटी पूर्णतेची नोंद पडते, आणि ती डिस्कवर उमटेपर्यंत बफरला मूळ जागी जायची मुभा नसते. वीज गेलीच, तर पूर्णतेची नोंद असलेले बदल पुन्हा वाचून लावायचे, अर्धवट असतील ते सोडून द्यायचे. पण जर्नलमध्ये उतरायच्या वाटेवर असलेल्या बफरलाच एखाद्या नव्या कामाने हात घातला तर? तेव्हा जुन्या स्थितीची प्रत गोठवून ठेवतात. जर्नलमध्ये ती जाते आणि नवं काम बफरवर चालू राहतं. कालची कीर्द लिहिताना आजची रक्कम तीत मिसळू न देणं, हेच ते.

माझ्या शून्य आकाराच्या फाइलवर याच घराण्यातला एक नियम लागू पडतो. ईएक्सटी३च्या नेहमीच्या पद्धतीत फाइलचा मजकूर आधी डिस्कवर जातो आणि त्याची वर्दी जर्नलमध्ये मागून पडते. माल गुदामात पोहोचल्यावरच पावती फाडावी तसं. नाव पुढे आणि मजकूर मागे राहिला, की माझ्यासारखी गत होते.

त्या संध्याकाळी काका वाचत गेले, मी भरत गेलो. भरून, सेव्ह करून झालेल्या प्रत्येक ओळीपुढे ते पेन्सिलीने खातेपानाचा आकडा टाकत होते. जर्नलमधल्या नोंदी मूळ जागी पोहोचल्या की संगणकही तशीच खूण करतो आणि वहीतली तेवढी जागा नव्या नोंदींसाठी मोकळी करतो. आकडा नसलेल्या चार ओळी उरल्या, तेव्हा वीज पुन्हा गेली.