ढेकी, माग आणि आखाडा

'व्यायाम' हा शब्द माझ्या कानावर पहिल्यांदा शाळेत पडला. आमच्या आंधळगावात तवा दोनच शब्द चालत, काम आणि मेहनत. काम बांधीतलं, मेहनत आखाड्यातली. पहिलं सगळ्यांच्या वाट्याला, दुसरं मोजक्या पोरांच्या.

गावात एकीकडे धान करणारे, दुसरीकडे कोसा विणणारे कोष्टी. कोष्टी खड्ड्यात पाय सोडून मागावर बसे. पाय पावड्यांवर, एक हात धोट्याला, दुसरा फणीला, असा दिवस जाई. आमच्याकडे चिखलणी, रोवणी, कापणी, मग डोक्यावरून भारे खळ्यात. बायांच्या मागे ढेकी. झुंजुरकाचं उठायचं, एका पायाने ती जड लाकडी दांडी दाबायची अना सोडायची, घरातल्या तोंडांपुरता तांदूळ निघेपर्यंत. महाशिवरात्रीला गायमुखच्या यात्रेला सारे पायी जात. किती चाललो हे कोणी मोजत नव्हतं.

आखाडा मारुतीच्या देवळामागे होता. लाल माती, तिच्यात तेल, ताक, हळद. जोर, बैठका, मुद्गल. नागपंचमीला मातीची पूजा व्हायची. वस्ताद लिहिता-वाचता नव्हता, पण अमरावतीचं नाव देवासारखं घ्यायचा. ते उगीच नव्हतं. १९१४ साली अमरावतीत वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा काढला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. इंग्रजाचं राज्य होतं. पोरांच्या अंगात बळ आलं तर मनातली भीती जाईल, हा विचार त्यामागे होता. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा या मंडळाची पोरं तिथे जाऊन देशी खेळ दाखवून आली. मंडळाने उन्हाळी वर्ग घेऊन व्यायामशिक्षक घडवले. तिकडे सातारा भागात औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराच्या मागे लागले होते. अना आमच्या विदर्भात तुकडोजी महाराजांनी गावसुधारणेत भजन-प्रार्थनेसोबत व्यायामही धरला.

तरी या साऱ्यांचा भर बळावर होता, देशावर होता. मेहनत केली तर अमुक आजार टळतो का, हे माणसं मोजून कोणी पाहिलं नव्हतं. ते पाहिलं लंडन शहरात, तेही बसगाडीच्या लोकांवर. तिथे दुमजली बस चालतात. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर वरखाली, रोज पाचशेच्या वर पायऱ्या. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने दोघांचा हिशोब मांडला आणि १९५३ साली छापला. कंडक्टरांना हृदयविकाराचा झटका कमी येत होता, आणि आला तरी त्यातून ते जास्त वाचत होते. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन आणि टेबलावरचे कारकून यांच्यातही तोच फरक निघाला. कोणी म्हणेल, ड्रायव्हर आधीच जाडे असतील. या माणसाने गणवेशाच्या पँटीच्या कमरेची मापंसुद्धा तपासली! ड्रायव्हर खरंच जाडे निघाले, पण सारख्या कमरेच्या दोघांतही कंडक्टरचंच बरं होतं. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगला.

आमच्याकडे नेमकं उलटं घडत गेलं. तुमसरच्या राईस मिला आधीपासून होत्या. पुढे गावागावात धान कांडायची चक्की आली अना ढेकी कोठ्यात पडली. मग ट्रॅक्टर, मग मोटारसायकल, आता बांधीत हार्वेस्टर उतरते. बरेच माग मुके झाले. आखाड्याच्या जागेवर सभागृह उभं राहिलं. माझ्या वयाचा शेतकरी आता गाडीने वावरात जातो, पाळीवर उभा राहून मजुरांकडे पाहतो अना गाडीने घरी येतो. भाताचं ताट मात्र नांगरामागच्या माणसाचंच राहिलं.

जुनं ते सारं सोनं, असं मी म्हणत नाही. एकदा घरी पाहुणा ढेकीचं लई कौतुक करत होता. माझी माय म्हणाली, "याले दोन पायली धान दे अना ढेकीवर उभा कर." बोलणं तिथेच संपलं. रोवणीच्या बायांची कंबर पाहा. दिवसभर वाकून, पाय पाण्यात. त्याने अंग झिजते, ते व्यायामात कसं धरावं? शिवाय धानाचं काम दोन झटक्यांत येते. आषाढात जीव जाईपर्यंत, मग दिवाळीच्या आगेमागे जीव जाईपर्यंत. बाकीचे महिने झाडाखाली.

अना शरीराला हीच गोष्ट चालत नाही. डॉक्टरने मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. अंगातलं मांस म्हणजे साखरेची ढोली. ढोलीतून धान काढलं तरच नवं मावते. पाय चालले की मांस आपली साखर खर्चते आणि रक्तातली ओढून घेते, इन्सुलिन कमी असलं तरी. पण हा गुण दिवस-दोन दिवस टिकते, मग ढोली पुन्हा तुडुंब. म्हणून रोज, नाहीतर एकाआड एक दिवस. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला कमीत कमी १५० मिनिटं सांगते, आणि दोन दिवस ताकदीचे. जोर-बैठका म्हणजे ताकदीचंच की.

माझा थोरला चुलतभाऊ आखाड्यातला नामी गडी. त्याच्या मांडीवर आम्ही पोरं उभी राहायचो. लग्नानंतर संसारात पडला. दोन वर्षांमागे साखरेने त्याचा उजवा पाय घोट्यावर कापावा लागला. दवाखान्यात तो मला म्हणाला, "मेहनत तिशीत सुटली गा, खुराक साठीपर्यंत चालू होता." तो आता ओट्यावर खुर्चीत बसून मुद्गल फिरवतो. फिरवतो अजून सफाईने.

मी चालतो. सुरुवातीला लोक विचारायचे, "का गा, काही हरपलं का?" बिनाकामाचा चालणारा माणूस गावाला पाहवत नाही. बायांचं तर त्याहून अवघड. सुनेने सकाळी रिकाम्या हाताने रस्त्याने जावं, हे सासूला कसं दिसेल? आमच्या आळीतल्या चौघी तरी निघतात. एकीच्या हातात अजून दुधाची बरणी असते, रिकामी.

पहाटे पाचला त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त गर्दी पोलीस भरतीच्या पोरापोरींची. पोरांची दौड १६०० मीटर, पोरींची ८००. छाती फुटेस्तोवर धावतात. भरती झाली की रस्ता ओस पडतो, निवडलेले जातात, राहिलेलेही येणं सोडतात. मागच्या भरतीत न लागलेले दोघं मात्र अजून येतात. एकाचं वयही आता निघून गेलं आहे.