बांडगूळ नव्हे

‘व्हँडा’ हे ऑर्किडच्या एका प्रसिद्ध प्रजातीचे शास्त्रीय नाव. ऐकायला लॅटिन वाटते, पण आहे संस्कृत. ‘वन्दा’ म्हणजे दुसऱ्या झाडावर वाढणारी वनस्पती, आपल्या बोलीत बांडगूळ. सर विल्यम जोन्स यांनी बंगालमध्ये हे नाव टिपले आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १७९५ मध्ये, ते एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत छापून आले. त्याच वर्षी विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींच्या सचित्र ग्रंथाचा पहिला खंड लंडनहून निघू लागला. त्यातही हेच ऑर्किड होते, फक्त दुसऱ्या नावाने.

नाव टिकले आणि नावातली गल्लतही टिकली. आंब्यावरचे बांडगूळ फांदीच्या लाकडात मूळ घुसवून रस ओढते. ऑर्किड तसे काही करत नाही. ते झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. पाणी पावसाचे आणि दवाचे, अन्न सालीवरून ओघळणाऱ्या धुळीचे आणि कुजलेल्या पाल्याचे. वनस्पतिशास्त्राच्या मराठीत याला ‘अपिवनस्पती’ असा चांगला शब्द आहे. हा फरक पुस्तकी नाही. ज्यांना तो कळला नाही त्यांच्या हातून ऑर्किडे मेली, आणि ती मेली मुळांपासून.

या मुळांच्या इतिहासाचा एक धागा तंजावरच्या मुलखात सापडतो. १६२० मध्ये रघुनाथ नायकाने डेनिश लोकांना तरंगमबाडी हे किनाऱ्यावरचे गाव व्यापारासाठी दिले. पुढे १६७६ च्या सुमारास एकोजी भोसल्यांनी तंजावर घेतले आणि तरंगमबाडीचे शेजारी राज्य मराठी झाले. तिथल्या मिशनमध्ये १७६८ साली योहान गेर्हार्ड कोनिग हा वैद्य आला. तो लिनियसचा शिष्य होता. दक्षिण भारत, सिंहल आणि सयाम हिंडून त्याने झाडांवरच्या ऑर्किडांची वर्णने लिहिली. ती १७९१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, युरोपात छापली गेली. ‘चिलोस्किस्टा पुसिला’ या ऑर्किडाशी त्याचे नाव जोडलेले आहे. पुसिला म्हणजे इवली. या वनस्पतीला पाने जवळजवळ नसतातच. सालीला चिकटलेला मुळांचा झुबका हेच तिचे शरीर, आणि पानांचे कामही मुळेच करतात.

कोनिगनंतर तरंगमबाडीच्या मिशनऱ्यांनी हा अभ्यास चालू ठेवला. त्याच वर्तुळातल्या श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी तंजावरच्या चित्रकारांकडून पशुपक्षी आणि वनस्पतींची चित्रे काढून घेतली, धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यक शेजारी शेजारी बसवले आणि सरस्वती महालाचा ग्रंथसंग्रह वाढवला.

कोनिगची कागदपत्रे लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे गेली. या बँक्सनीच पुढे आपल्या काचघरात ऑर्किडे कुंडीतल्या मातीतून काढून वेताच्या हलक्या टोपलीत, शेवाळ्याच्या वेष्टनात लावून पाहिली. १८१७ मध्ये ही पद्धत छापून आली. पण बहुतेकांना तो धडा मानवला नाही. उष्ण देशातली झाडे म्हणजे त्यांना उकाडा आणि वाफ हवी, या समजुतीने काचघरे बंद करून तापवली जात. १८३० च्या दशकात जोसेफ पॅक्स्टन यांनी चॅट्सवर्थला तापमान उतरवले, झरोके उघडले, हवा खेळती ठेवली, आणि झाडे जगू लागली. त्याच सुमारास नथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने उलट्या दिशेचा शोध लावला. १८२९ मध्ये पतंगाचा कोष ठेवलेल्या बंद बाटलीत त्यांना नेचा उगवलेला दिसला. त्यातून निघालेल्या काचेच्या बंद पेट्यांनी जगभरची रोपे समुद्रापार नेली. आजचे टेरॅरियम हे या पेटीचेच वंशज. नेच्याला ती पेटी मानवते, पण झाडावरच्या ऑर्किडला त्या पेटीत पॅक्स्टनची हवाही लागते.

कारण मुळाच्या रचनेत आहे. या मुळांवर मेलेल्या, पोकळ पेशींचे पांढरे आवरण असते. पाऊस पडला की ते काही सेकंदांत स्पंजासारखे भरते आणि खालचा हिरवा थर दिसू लागतो. नंतर ते सावकाश वाळते आणि पुन्हा चंदेरी होते. वाळताना पेशींत हवा शिरते आणि आतला जिवंत भाग श्वास घेतो. आवरण सतत भरलेले राहिले तर मूळ गुदमरते आणि बुरशी उरलेले काम करते. मुळाला ओल जितकी लागते तितकेच वाळणेही लागते.

म्हणून छोटी ऑर्किडे पेटीत सालीवर बांधणाऱ्याने घड्याळापेक्षा मुळांचा रंग पाहावा. चंदेरी रंग परतल्याशिवाय पुन्हा फवारू नये. फवारा सकाळी द्यावा, म्हणजे संध्याकाळपर्यंत मुळे सुकतात. दिवसभर हिरवीच राहिली तर पाणी कमी करण्याआधी झाकण थोडे उघडावे किंवा छोटा पंखा बसवावा. अर्ध्या तासातच पांढरी पडत असतील आणि टोके वाढायची थांबली असतील, तर मुळांखाली शेवाळ्याचा पातळ थर द्यावा. जाड गादी नको. साल उभी लावावी, म्हणजे पाणी ओघळून जाते. रोप तंगुसाने बांधावे, तेही नवी हिरवी टोके फुटू लागली असताना. तीच सालीला धरतात. एकदा चिकटलेले मूळ ओढून काढू नये, जागा बदलायची तर सालीसकट बदलावी. पाणी पावसाचे उत्तम. बोअरचे जड पाणी मुळांवर क्षारांची पांढरी खपली धरते, आणि ती सुक्या मुळाच्या रंगासारखीच दिसून फसवते. मूळ तपकिरी होऊन दाबल्यावर पोकळ लागले आणि आत फक्त दोऱ्यासारखी शीर उरली, तर ते गेले. तंजावरसारख्या गावी काचेवर थेट ऊन येऊ देऊ नये. बंद पेटी तासाभरात भट्टी होते. रोपे मात्र रोपवाटिकेतलीच घ्यावीत. रानातून सालीसकट खरवडून आणलेल्या रोपाची मुळे येतानाच तुटलेली असतात.

तंजावरच्या मराठीलाही पुष्कळदा बांडगुळाच्याच नजरेने पाहिले गेले आहे: परक्या झाडावर उगवलेली भाषा. पण तिथल्या शहाजीराजांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकात मराठी चार भाषांच्या पंगतीत बसते. सरफोजींच्या नावावर असलेल्या ‘देवेंद्र कुरवंजी’त भाषा मराठी आहे आणि नाट्यप्रकार तमिळ. या मराठीने तमिळ झाडाचा रस शोषला नाही. त्याच्या सालीवर उभी राहून तिने तिथलाच पाऊस प्याला. १८५५ मध्ये कंपनीने राज्य खालसा केले, तरी मोडी दप्तरांचे रुमाल तंजावरातच राहिले, आणि त्यांतल्या कागदांचे तमिळ भाषांतर पुढे तिथल्याच तमिळ विद्यापीठाने छापले.