भेव

आजीचं माहेर सेलूकडचं. तिच्या थोरल्या भावाच्या पाठीवर बधिर चट्टा उमटला आणि त्याची खाट गोठ्यात गेली. ताट वेगळं, गडवा वेगळा. त्याची आई भाकर दुरूनच सरकवायची. "रातच्यानं माय रडे, पन हात लावे नाही," आजी सांगायची.

आम्ही विचारायचो, जीव नव्हता का तिचा त्याच्यावर?

"होता ना बाप्पा! पन भेव त्याहून मोठं होतं. माझं लगन व्हाचं होतं."

महारोगाच्या भीतीत गावाची भीती मिसळलेली होती. घरात रोगी आहे असं कळलं की ठरलेली सोयरीक मोडे, विहिरीवर बाया पदर सावरून बाजूला होत.

त्याच काळात वर्ध्याजवळ वेगळं काही घडत होतं. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. १९३९ मध्ये परचुरे शास्त्री सेवाग्रामला आले. संस्कृतचे पंडित, येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींसोबत राहिलेले आणि आता सर्वांगाला कुष्ठ. गांधीजींनी त्यांना आश्रमात झोपडी दिली आणि स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करू लागले.

ही बातमी बाजाराच्या दिवशी आजीच्या आईच्या कानावर पडली. घरी येऊन तिनं वाटीत तेल घेतलं आणि गोठ्यात गेली. रोगावर खात्रीचं औषध तेव्हाही नव्हतं, मुलगा तोच होता, मायाही जुनीच. बदललं एवढंच, की सगळा मुलूख ज्याला मानतो त्या माणसानं आधी हात लावला होता.

पण गोष्ट इथं गोड होत नाही. मुलाला दत्तपूरला पोचवलं आणि मग आजीचं लग्न लागलं. सोयऱ्यांना सांगितलं, भाऊ दूर कामाला गेलाय. गोठ्यात गेलेली माय मांडवात मात्र गप्प राहिली. तिला दोष देववत नाही. एकट्या आईच्या मायेनं गावाचं भेव पेलत नाही.

रोग पुरता बरा करणारी बहुविध औषधं वर्धा जिल्ह्यात १९८० च्या दशकातच पोचली. हिंदू विवाह कायद्यात मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायम होतं. कायद्यातलं भेव निघालं. घरातलं किती उरलंय, ते सोयरीक जुळवताना ज्यानं त्यानं तपासावं.