पावती, पागडी आणि कार्पेट

गिरगावातल्या आमच्या चाळीत घर कुणाच्याच मालकीचं नव्हतं. पावती मात्र ज्याची त्याची होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरमालकाचे मेहताजी यायचे, भाडं मोजून घ्यायचे आणि पावती फाडून द्यायचे. वडील ती तारेला टोचून ठेवत. तार भरली की गठ्ठा ट्रंकेत, आईच्या शालूखाली. मुलीसाठी स्थळ आलं की मुलाच्या पगाराइतकीच चौकशी व्हायची ती पावती कुणाच्या नावावर आहे याची. थोरल्या भावाच्या नावावर असेल तर धाकट्याचं लग्न अडायचं.

पुढे १९७४ साली मी फोर्टातल्या एका वकिलांकडे टायपिस्ट म्हणून लागले. हिरव्या लेजर कागदावर, कार्बन घालून, घरांचे करारनामे टाइप करण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे घरखरेदीतले शब्द मला भेटले ते डिक्टेशनमधून, आणि बहुतेक शब्दांच्या पाठीमागे एखादं भांडण उभं आहे हे हळूहळू कळत गेलं.

पागडीचंच घ्या. मुंबईत १८९६ साली प्लेग आला, १८९८ मध्ये वस्ती सुधारायला सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला, १९२०च्या दशकात बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. तिथली खोली १६० चौरस फुटांची. तरी माणसं जास्त आणि खोल्या कमी हे गणित काही सुटलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी वाढू लागली तेव्हा सरकारनं ती बांधून टाकली, आणि १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाण भाड्याचा आधार १ सप्टेंबर १९४० हा धरला. हेतू चांगलाच होता. पण वर्षं गेली, डाळ-तांदळाचे भाव कुठल्या कुठे पोचले आणि भाडं तिथंच राहिलं. मालकानं डागडुजी सोडली. पोटमाळे झुकले, सज्जे गळू लागले. खोलीची खरी किंमत भाड्यात दिसायला बंदी, म्हणून ती पागडीच्या रूपानं बाहेर पडली: येताना एकरकमी पैसे, मग नाममात्र भाडं. भाडेकरू खोली सोडताना नव्या माणसाकडून पागडी घेणार आणि पावती नव्या नावावर करून देण्यासाठी मालक त्यातला वाटा घेणार. तिसरा हिस्सा मालकाचा, ही बोली बहुतेक ठिकाणी चाले.

कायद्यानं हा गुन्हा होता. त्यामुळे सबंध मुंबई ज्या व्यवहारावर चालली होती तो शब्द माझ्या टाइपरायटरवर पंचवीस-सव्वीस वर्षं उमटलाच नाही. कागदावर यायचं ते ‘फर्निचर व फिटिंग्जची किंमत’. एक लोखंडी कॉट, एक गोदरेजचं कपाट, दोन ट्यूबलाइट, आणि त्यांची किंमत अशी की कपाट चांदीचं असावं. साहेब डिक्टेशन देताना चेहरा गंभीर ठेवत. मला मात्र हसू आवरायचं नाही. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गोठवलेली भाडी आता वाजवी राहिलेली नाहीत असं म्हटलं, आणि १९९९चा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६नं पागडीची देवघेव उघड करायला मुभा दिली. तोवर मी कॉम्प्युटरवर आले होते.

दुसरा शब्द ‘ओनरशिप’. सहकारानं घर बांधायची वाट मुंबईनं लवकर धरली होती. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ची. श्रीपाद सुब्राव तालमकी यांचं नाव त्या कामाशी जोडलेलं आहे. पण बिल्डर नावाचा माणूस आला, तो आधी पैसे घेऊन मग बांधू लागला, आणि एकच फ्लॅट दोघांना विकण्यापासून काम अर्धवट सोडण्यापर्यंत सगळे प्रकार सुरू झाले. म्हणून १९६३ साली ‘मोफा’ म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्‌स अ‍ॅक्ट आला: अनामत घ्यायच्या आधी लेखी करार करा, तो नोंदवा, नकाशे दाखवा. तेव्हापासून ‘पागडीची की ओनरशिपची?’ हा प्रश्न मुंबईकरांच्या तोंडी बसला. हाच कायदा बहुतेकांनी माझ्यासारखा कारकुनी अंगानं तरी वाचायला हवा होता. कुणी वाचला नाही. सगळ्यांना चावी कधी मिळणार तेवढंच हवं असायचं.

क्षेत्रफळाची गंमत मी घरातच पाहिली. नणंदेनं डोंबिवलीत ६०० फुटांचा फ्लॅट घेतला. माझे दीर पीडब्ल्यूडीत ओव्हरसिअर. त्यांनी टेप काढून भिंत ते भिंत मापं घेतली, पेन्सिलीनं पाकिटाच्या मागे गुणाकार केला आणि आकडा आला ४१० फूट. उरलेले १९० फूट कुठे गेले? ते भिंतींच्या जाडीत होते, जिन्यात होते, लॉबीत, लिफ्टच्या खड्ड्यात आणि वॉचमनच्या केबिनमध्ये होते. भिंतींच्या आतलं क्षेत्र म्हणजे कार्पेट, भिंतींसकट क्षेत्र म्हणजे बिल्ट-अप, सार्वजनिक जागेचा वाटा त्यात घातला की सुपर बिल्ट-अप. हा वाटा किती हे बिल्डरच ठरवणार. कार्पेट क्षेत्र सांगायचं बंधन मोफातही आलं, पण ते जाहिरातीत पाळणारे थोडे. २०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्यानं व्याख्याच बांधून दिली: आतल्या पार्टिशनच्या भिंती धरायच्या; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळायची. विक्री कार्पेटवरच. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत गिऱ्हाइकाच्या बाजूनं झालेली ही सगळ्यात सरळ गोष्ट.

पार्किंगचंही तसंच. इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा, म्हणजे स्टिल्ट, बिल्डर वेगळे पैसे घेऊन विकत. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली सांगितलं की मोफाखाली अशी जागा स्वतंत्रपणे विकता येत नाही. रेरानंतर आच्छादित पार्किंगचा हिशेब पुन्हा निराळा झाला.

पण ज्या शब्दाकडे लोकांनी सगळ्यात कमी लक्ष दिलं तो म्हणजे कन्व्हेयन्स, मराठीत अभिहस्तांतरण. फ्लॅट आपला झाला, तरी खालची जमीन अभिहस्तांतरणाशिवाय सोसायटीच्या नावावर येत नाही. मोफाच्या नियमांत त्याला सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांची मुदत होती. आमच्या ऑफिसात तीस-तीस वर्षांच्या सोसायट्या यायच्या, आणि मालमत्ता पत्रकावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, अजून मूळ जमीनमालकाच्या आजोबांचं नाव. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत मुंबई शहरात एफएसआय, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण, १.३३ आणि उपनगरात १ असा होता, त्याच्या जोडीला टीडीआर, म्हणजे दुसरीकडचा बांधकामाचा हक्क इथं वापरायची सोय, आली. मग जुन्या इमारतीवर जास्तीचं बांधकाम शक्य झालं, तसा त्या जमिनीच्या कागदाला भाव आला. जमीन ज्याच्या नावावर, तो त्या वाढीव एफएसआयवर हक्क सांगायला उभा. मागं लागून थकलेल्या सोसायट्यांसाठी २००८च्या दुरुस्तीनं मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, दिलं; बिल्डर सही करत नसला तरी जिल्हा उपनिबंधकांकडे नमुना ७ भरून अर्ज करता येतो.

तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीवर आणि गणपतीच्या वर्गणीवर भांडण झालं की सेक्रेटरींना एवढं विचारा: आपलं मालमत्ता पत्रक कुणाच्या नावावर आहे? नोंदणीकृत करार आणि इंडेक्स-२ या नोंदणीच्या उताऱ्याच्या प्रती आजच शोधून एका फायलीत लावा. अर्जाला त्याच लागतात, आणि मूळ सभासद हयात आहेत तोवरच त्या सहज सापडतात.