निकालाच्या टक्केवारीचा छेद

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या नावापुढे एकच आकडा चिकटतो : शेकडा इतके पास. तो आकडा आधी सांगता येईल का? बहुचल समाश्रयण, म्हणजेच मल्टिपल रिग्रेशन, हे त्यासाठीचे गणित. पालकांचे शिक्षण, जमीन, शाळेचे अंतर, शिक्षकांची संख्या एका समीकरणात मांडायची आणि बाकीचे घटक स्थिर धरून एकेकाचा वाटा काढायचा.

उडनी यूल यांनी १८९९ मध्ये इंग्लंडच्या दारिद्र्याच्या अभ्यासात हे गणित वापरले. ‘मुळे’ हा शब्द ‘सोबत आढळणारे’ असा वाचावा, ही सावधगिरीची तळटीपही त्यांनीच घातली. शिक्षणक्षेत्रात ते गाजले अमेरिकेतील १९६६ च्या कोलमन अहवालाने. गुणांतला फरक शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीशी अधिक जुळतो, असे त्यात निघाले. १९६८ मध्ये बोल्स आणि लेव्हिन यांनी हरकत घेतली : घर आणि शाळा एकमेकांशी जुळलेली असली, तर दोघांचा सामाईक वाटा समीकरणात आधी मांडलेल्याच्या पदरात पडतो.

ही हरकत सास्तूरच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून माणसे झोपली असताना, माळवदाची घरे कोसळली. लातूर-उस्मानाबाद मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. पुढे या पट्ट्यातली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. घर, आईबाप, गुरेढोरे, दप्तर : ज्याचे गेले त्याचे बहुधा सगळे एकदमच गेले. मग ‘बाकीचे स्थिर’ काय धरायचे?

दुसरी अडचण छेदाची. भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. ती तिथे परीक्षेला बसली तर त्यांचा निकाल तिथल्या शाळेच्या खात्यात गेला. जे शाळा सोडून मजुरीला लागले, ते कुठल्याच खात्यात नाहीत. टक्केवारी काढतात ती परीक्षेला बसलेल्यांची.

म्हणून समीकरणाआधी शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. जून १९९३ मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल वर्ष न गमावता मार्च २००३ मध्ये दहावीला बसते. त्या पानावरचे प्रत्येक नाव दहा वर्षे पुढे न्यावे : कोण बसले, कोणाचा दाखला गेला, कोणाच्या नावापुढची ओळ मधेच थांबली. सास्तूरचा खरा निकाल त्या पानावर आहे.