सिंधुदुर्गात फिरायला येताय? आठही तालुक्यांची माहिती, आणि पाण्यात उतरण्याआधी हे वाचा

दिवाळीची सुट्टी लागली की कुडाळ स्टेशनवर उतरणारे बहुतेक पाहुणे रिक्षावाल्याला एकच विचारतात, "तारकर्लीला किती घेणार?" दीड दिवस मालवण-तारकर्ली, एक बोटिंग, एक मासळीची थाळी आणि परत. बाकीचे सात तालुके गाडीच्या काचेतून बघायचे.

मी स्वतः काजू-आंब्याचा शेतकरी, आणि जमेल तशा बातम्या देतो. सुट्टीच्या दिवसांत एक बातमी अशी असते की ती द्यायला हात धजत नाही. किनाऱ्यावर चपलांचे जोड रांगेत काढून ठेवलेले, त्यातला एक जोड न्यायला कोणी परत येत नाही. अशाच एका संध्याकाळी एक म्हातारा मच्छीमार माझ्याजवळ येऊन एवढंच बोलला, "ह्यांका सकाळीच सांगललंय, हंय उतरू नकात." म्हणून या माहितीत कुठे काय बघायचं ते आहेच, पण कधी यायचं आणि कोणाला विचारायचं हेही सांगितलं आहे.

जिल्ह्याची तोंडओळख

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला. मुख्यालय ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला. १९९७ मध्ये हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. देवगड, मालवण आणि वेंगुर्ला हे तीन तालुके समुद्राला लागून. कुडाळ, कणकवली आणि सावंतवाडी मधल्या पट्ट्यात. वैभववाडी आणि दोडामार्ग सह्याद्रीच्या कुशीत.

कोकण रेल्वेने यायचं तर मालवणसाठी कुडाळ सोयीचं (तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर), देवगडसाठी कणकवली, आणि वेंगुर्ला-आंबोलीसाठी सावंतवाडी रोड. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला, पण विमानांचं वेळापत्रक बदलत असतं, तिकीट काढण्याआधी चौकशी करा. गावातली शेवटची एसटी कधी सुटते, हे सकाळीच विचारून ठेवा. नाहीतर संध्याकाळी रिक्षाशिवाय गत्यंतर नाही.

मालवण तालुका

सिंधुदुर्ग किल्ला आधी. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली. सुमारे ४८ एकरांचा पसारा, तीन किलोमीटरच्या आसपास नागमोडी तटबंदी. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, ही त्याची खुबी. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन विहिरींना गोडं पाणी आहे. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यात आपल्या जिल्ह्यातले सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे दोन आहेत.

किल्ल्याभोवतालचा समुद्र म्हणजे मालवण सागरी अभयारण्य, १९८७ साली जाहीर झालेलं, २९.१२ चौरस किलोमीटरचं. स्कुबा आणि स्नॉर्कलिंग करताना पाण्याखाली जे पोवळं (प्रवाळ) दिसतं ते दगड नसून जिवंत असतं. त्याच्यावर पाय ठेवू नका, तुकडा आठवण म्हणून आणू नका. जो होडीवाला नांगर प्रवाळापासून लांब टाकतो, त्याच्याकडेच जा.

तारकर्लीच्या पुढे देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. संगमावरचा वाळूचा पट्टा पर्यटकांत त्सुनामी आयलंड म्हणून ओळखला जातो. सकाळी लवकर उठलात तर किनाऱ्यावर रापण ओढताना बघायला मिळेल. होडीतून अर्धगोलात जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची. हात लावायचा असेल तर आधी विचारा, लावू देतात.

मालवण तालुक्यातच आत गेलात तर धामापूरचा तलाव आणि काठावरचं भगवती मंदिर. हा तलाव १५३० सालचा आहे आणि आजही शेतीला पाणी देतो. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत स्थान मिळालं. कुडोपीच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, वाट दाखवायला गावातला माणूस सोबत घ्या. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा पंचांगात बघून सापडणार नाही, तिची तारीख दरवर्षी कौल घेऊन ठरते.

देवगड तालुका

हापूसचा तालुका. पण आंबा झाडावर बघायचा तर एप्रिल-मे. डिसेंबर-जानेवारीत आलात तर मोहोर बघायला मिळेल, आणि त्याचा वास जन्मभर लक्षात राहील. बागेत शिरण्याआधी मालकाला हाक मारा. फवारणी चालू असते आणि कुंपणाला वीजही असू शकते.

विजयदुर्ग वाघोटन खाडीच्या तोंडाशी उभा आहे. आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून ते घेतलं, आपल्याच आरमाराचा असा शेवट झाला हे किल्ल्यावर उभं राहिल्यावर जास्त बोचतं. जवळच गिर्येच्या रामेश्वर मंदिराकडे कातळ कोरून काढलेली वाट आहे. कुणकेश्वरचं मंदिर थेट समुद्राकाठी, महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते.

वेंगुर्ला तालुका

वेंगुर्ल्यात डच वखारीचे अवशेष आहेत. इथलं फळ संशोधन केंद्र आम्हा काजूवाल्यांना परिचयाचं, वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या जाती इथल्याच. शिरोड्याची मिठागरं १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाशी जोडलेली आहेत. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे वि. स. खांडेकर शिरोड्याच्याच शाळेत शिक्षक होते. रेडीचा गणपती १९७६ साली खाणीच्या भागात सापडला.

निवती-भोगवेच्या समुद्रात सकाळी डॉल्फिन दिसतात. दिसतीलच असं सांगून पैसे घेणाऱ्यापेक्षा "नशिबात असेल तर दिसतील" म्हणणारा होडीवाला बरा. पहिला त्यांच्या मागे इंजिन पळवतो, दुसरा इंजिन बंद करून थांबतो. वायंगणी किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं समुद्रात जाताना बघायची असतील तर हिवाळा सरता सरता या, मोबाईलचा उजेड मारू नका.

कुडाळ, सावंतवाडी आणि दोडामार्ग

कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आहे. ती जपणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. वालावलचं लक्ष्मीनारायण मंदिर आणि तलाव संध्याकाळी बघावा.

सावंतवाडीत मोती तलाव, राजवाडा, गंजिफा आणि लाकडी खेळणी. चितारआळीत खेळणी घेताना फार घासाघीस करू नका, एका पाटावर किती हात फिरतात ते थोडं थांबून बघा. आंबोली सुमारे ६९० मीटर उंचीवर. पाऊस इथे मुक्कामालाच असतो. हिरण्यकेशीच्या पाण्यात सापडलेल्या माशाची नवी जात २०२० मध्ये नोंदवली गेली, आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. तिथे पाण्यात साबण, शॅम्पू लावू नये हे सांगावं लागतं, हे वाईट.

दोडामार्गात तिलारी धरण आणि जंगल. रानटी हत्ती या भागात फिरतात. माझ्यासारख्या शेतकऱ्याला रात्रभर माडाच्या, केळीच्या बागेत जागावं लागतं. हत्ती बघायला म्हणून मागे जाऊ नका.

कणकवली आणि वैभववाडी

कणकवलीत भालचंद्र महाराजांचा मठ आणि वागदेला अप्पासाहेब पटवर्धनांचा गोपुरी आश्रम. पावसाळ्यात सावडावचा आणि वैभववाडीतला नापणेचा धबधबा. खाली उतरताना खडकावर शेवाळ असतं.

कधी यावं

जून ते सप्टेंबर : आंबोली, धबधबे, भातलावणी. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किल्ल्याची होडी आणि जलक्रीडा बंद असतात. कोणी "जास्त पैसे द्या, नेतो" म्हणालं तरी जाऊ नका. जून-जुलै मासेमारी बंदीही असते, तेव्हा ताज्या सुरमईचा हट्ट नको. त्या दिवसांत सुकी मासळी, भाकरी आणि सोलकढी खाऊन बघा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी : समुद्र, किल्ले, आणि गावोगावच्या जत्रांतलं दशावतार. नाटक रात्री उशिरा सुरू होतं, बसायला गोणपाट न्या.

मार्च ते मे : ओले काजू, मग हापूस, फणस आणि रातांबे. उकाडा सोसायची तयारी हवी.

पाण्यात उतरण्याआधी

भरती-ओहोटीची वेळ रोज बदलते. आमच्याकडे जुनं गणित आहे, तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हे ढोबळ आहे, नक्की वेळ मच्छीमाराला विचारा. ओहोटीत खाडीच्या तोंडाशी पाणी जोरात बाहेर ओढतं, देवबागसारख्या संगमावर कधीही पोहू नका.

किनाऱ्यावर दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधली जागा शांत, गढूळ दिसते. नवख्याला वाटतं इथे पाणी बरं आहे. तिथेच ओढ असते. सापडलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहून दमू नका, किनाऱ्याला समांतर आडवे पोहा, ओढीतून बाहेर पडा आणि मग लाटेबरोबर या. दुसरा बुडताना दिसला तर उडी मारू नका. दोरी, रिकामा कॅन, जे तरंगतं ते फेका, ओरडून मच्छीमारांना बोलवा आणि ११२ ला फोन करा. होडीत लाइफ जॅकेट अंगात घालून बसा, मांडीवर ठेवून नाही. दारू प्यायला असाल तर पाणी लांबूनच बघा.

राहणं-खाणं

गावातल्या घरगुती न्याहारी-निवासात राहिलात तर पैसा गावात राहतो. जेवण आधी सांगून ठेवा, कोंबडी-वडे काही दहा मिनिटांत होत नाहीत. किनारपट्टीला उन्हाळ्यात विहिरी खाली जातात आणि पाणी मचूळ होतं, तेव्हा नळ जपून वापरा. काजूगर, कोकम आणि आमसुलं थेट शेतकऱ्याकडून किंवा बचत गटाकडून घ्या. प्लास्टिक आलात तसं परत न्या.

गावात शिरल्यावर पहिल्या दुकानात गाडी थांबवा आणि विचारा, "पाण्यात कुठे उतरलं तर चालेल?" आमच्याकडचा माणूस जरा तिरकस बोलेल, पण खरं तेच सांगेल. तो नको म्हणाला, तर उतरू नका.